पाषाणांची खतावणी

आपल्या घराच्या पायरीपासून देव्हाऱ्यापर्यंत किती गावांचे दगड येऊन बसले आहेत, याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. व्यापारी घराण्यांत माल कोणत्या पेठेचा, गूळ कोणत्या गुऱ्हाळाचा, बेदाणा कोणत्या शेडवरचा, हे विचारल्यावाचून पोते खाली उतरत नाही. परंतु ज्या फरशीवर ते पोते उतरते त्या फरशीचे गाव विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. जतसारख्या गावातील, दोन-तीन पिढ्यांत थोडथोडे वाढत गेलेले एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. दुकानात राखाडी शहाबादी फरशी आहे. ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून आलेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काळा कडप्पा, तो आंध्रातला. जिन्याच्या पायऱ्यांना हिरवट कोटा, तो राजस्थानातला. देव्हाऱ्याखाली पांढरा मकराणा. तोही राजस्थानचाच, आणि ताजमहालाच्या दगडाचा सख्खा भाऊ. मुलाच्या लग्नाच्या वेळी बांधलेल्या खोलीत तांबूस ग्रॅनाईट असेल, तर तो बहुधा इलकलचा. ज्या गावाने आपल्या आज्ज्यांना इरकली लुगडी नेसविली, त्याच गावाने नातवंडांच्या पायाखाली हा दगड अंथरला आहे. या सर्व पाहुण्यांच्या गर्दीत घरचा म्हणावा असा दगड एकच उरतो. परसात उपडा पडलेला पाटा, त्याचा वरवंटा आणि कोपऱ्यातले जाते. ते काळे, जड, बारीक कणांचे, ते जतचे.

हा हिशेब करण्यास विद्वत्ता लागत नाही, लिंबू पुरते. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि मकराणा या चौघांवर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला की तेथे डाग पडतो, चकाकी जाते. गृहिणींना हे ठाऊक असते. कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. हे चारही दगड चुन्याच्या कुळातले आहेत आणि आम्ल चुन्याला खाते. ग्रॅनाईटला आणि घरच्या काळ्या पाषाणाला लिंबाची बाधा नाही, कारण ते अग्नीतून जन्मलेले. (बाजारात ‘काळा ग्रॅनाईट’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा शास्त्रदृष्ट्या ग्रॅनाईट नसतेच, ते आपल्या काळ्या पाषाणाचे दूरचे चुलत भावंड असते. व्यापारात नाव एक आणि जिन्नस दुसरा ही गोष्ट काही नवी नाही.)

या कुतूहलाला थोडी शिस्त लावली की त्याची फेरी होते. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात भूविज्ञान शिकविणारे एरिक रॉबिन्सन यांनी १९८०च्या दशकात शहरातील रस्त्यारस्त्यांवरून अशा वाटा आखून दिल्या. बँकेच्या दारातील खांब, पोस्टाची पायरी, फुटपाथची कड यांच्यासमोर थांबायचे, दगडाला बोट लावायचे आणि हा कोठला, किती जुना, येथे कसा आला, एवढे विचारायचे. आपल्या मुंबईत फोर्ट भागात ज्या वारसा-फेऱ्या निघतात, त्यांतही जाणता वाटाड्या असेल तर इमारतींइतकाच दगड बोलतो. मालाडचा पिवळसर दगड डेव्हिड ससून ग्रंथालयाला आहे. शेजारच्या इमारतींत कुर्ल्याचा आणि काठेवाडातून समुद्रमार्गे आलेला पोरबंदरचा फिकट दगड आहे. १९२४ साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया पिवळ्या बेसाल्टचे आहे. शहर कोणाशी व्यापार करीत होते, कोणत्या बंदरातून माल येत होता, हे वाचायला वखारीचे दप्तर नसले तरी भिंती आहेत.

आता प्रश्न असा येईल की हे मुंबई-लंडनला शोभते, जतला पाहण्यासारखे काय आहे? सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडील टोकाचा तालुका. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनाला येईल तेव्हा. अर्धी वस्ती घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी. १९४८ साली विलीन होईपर्यंत हे डफळे घराण्याचे संस्थान होते, एवढाच इतिहास बाहेरच्यांना माहीत असतो. लेणी नाहीत, मोठा किल्ला नाही, पर्यटकांची बस थांबत नाही. परंतु दगड पाहण्यासाठी जी गोष्ट लागते ती जतपाशी मुबलक आहे. येथे जमीन उघडी आहे. कोकणात रान आणि जांभा सर्व झाकून टाकतात, कृष्णाकाठी काळी माती आणि ऊस. जतच्या माळावर मात्र पृथ्वी अंगावर पांघरूण न घेता पडलेली असते. माडग्याळच्या मेंढ्या ज्या खुरट्या गवतावर चरतात त्याच्या दोन बोटे खाली मुरूम लागतो आणि हातभर खाली कातळ.

म्हणून जतची फेरी विहिरीपासून सुरू करावी. देवळापासून किंवा राजवाड्यापासून केली तर आपण पुन्हा इमारत पाहू लागतो. पायऱ्यांची एखादी जुनी विहीर निवडावी आणि मुलांना काठावर, हात धरून, उभे करून समोरची भिंत वरून खाली वाचायला सांगावी. सर्वांत वर माती. तिच्यात पांढरे, वेडेवाकडे खडे दिसतात, ती चुनखडी. पूर्वी हीच वेचून, भाजून, बैलाच्या घाणीत मळून वाड्यांचा चुना होत असे. त्याखाली पिवळा-तांबूस मुरूम, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. हे धोंडे कोणी बाहेरून आणून पुरलेले नाहीत. कातळाला पडलेल्या चौकोनी भेगांतून पाणी शिरत शिरत कोपरे झिजले आणि आतला गाभा गोल उरला. त्याखाली विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊसर खडक येतो. त्याच्या अंगात पांढरे दाणे भरलेले असतात. तापलेल्या रसातून वायूचे बुडबुडे निघून जाताना जी छिद्रे राहिली, त्यांत मागाहून खनिजे साठली, ते हे दाणे. गारगोट्या म्हणून मुले ज्या वेचतात त्या याच कुळातल्या. कोठे कोठे दोन खडकांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो. त्याच्याकडे नीट पाहावे. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्यावर ऊनपाऊस पडून माती धरली, आणि मग दुसरा लाव्हा येऊन तीच माती भाजून निघाली. दोन प्रलयांच्या मधली ती शांततेची नोंद आहे. आणि तळाशी, जेथे सुरुंगावाचून काम चालले नसेल, तेथे तोच घट्ट काळा कातळ.

हे सारे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे. भूमीला भेगा पडून लाव्हा पसरला, थंड झाला, पुन्हा पसरला. असे थरावर थर चढून आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. डोंगरांच्या उतारांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून युरोपीय अभ्यासकांनी त्यांना पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हटले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत दख्खनचे ट्रॅप आले.

विहिरीच्या काठावर आणखी थोडे थांबणे भाग आहे, कारण जतचे सगळे दैव याच भिंतीत लिहिले आहे. पाणी धरतो तो मुरूम आणि तो दाणेदार मऊ खडक; घट्ट काळा कातळ पाणी धरीत नाही, त्याला भेग असेल तर तेवढीच वाट देतो. त्यामुळे एका शेतात विहीर लागते आणि बांधापलीकडच्या शेतात तीस फुटांवरही कोरडा धुरळा निघतो. पाणाड्याचे नारळ फिरते किंवा फिरत नाही यापेक्षा लाव्हाचे दोन थर कोठे मिळतात हे अधिक निर्णायक असते. पाऊस कमी, वरचा थर पातळ आणि खाली न भिजणारा दगड, या तीन गोष्टी एकत्र आल्या की दुष्काळ ही अपवादात्मक घटना राहत नाही. विंधनविहिरी शेकडो फूट खाली गेल्या त्या याच कातळातील एखाद्या भेगेच्या शोधात. आणि म्हैसाळहून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या बाजूला आणावे लागले तेही याच कारणाने. मात्र हाच निचरा होणारा मुरूम डाळिंबाला मानवतो. पेढीवर डाळिंबाचा सौदा करणाऱ्याने हे एकदा विहिरीत डोकावून पाहावे, असे माझे मत आहे.

विहिरी खोदल्या कोणी, आणि दगड फोडला कोणी? वडार समाजाने. पहार, घण, छिन्नी आणि खांद्याचे बळ यांवर या समाजाने दख्खनच्या विहिरी, तटबंद्या, रस्ते आणि रेल्वेचे बांध उभे केले. हा समाज दगडाची शीर पाहतो. कोणत्या अंगाने घण बसला असता दगड सरळ दुभंगेल हे त्याला आवाजावरून कळते; घट्ट दगड खणखणीत वाजतो, आतून कुजका असेल तर बद्द आवाज येतो. फेरीत असा एखादा वयस्क कारागीर मिळाला तर भूविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या बरोबरीने त्याला मान द्यावा, आणि मानधनही. जात्याला टाकी लावणाऱ्या बायका गल्लीतून ओरडत जात, तो आवाज आता ऐकू येत नाही. दगडाशी बोलणारे हात कमी होत आहेत.

आपल्या परंपरेचे या विषयाशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६व्या अध्ययनात पृथ्वीकायाचे भेद सांगितले आहेत. मृदू पृथ्वीचे सात प्रकार रंगांवरून, आणि कठीण पृथ्वीचे छत्तीस. त्यांत खडे, वाळू, शिळा, मीठ, लोखंड, तांबे, कथील, शिसे, रुपे, सोने, हिरा, हरताळ, हिंगूळ, अभ्रक अशी यादी येते. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथात खनिजांची एवढी काटेकोर वर्गवारी यावी, याचे कारण स्पष्ट आहे. ज्याची विराधना टाळायची ते ओळखता आले पाहिजे. आणि उपासकदशांग सूत्रात श्रावकासाठी जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत ‘स्फोटकर्म’ म्हणजे भूमी फोडण्याचा धंदा आहे. म्हणजे खाण चालविणे श्रावकाला नको. परंतु जिनालय मात्र पाषाणाचेच हवे. या पेचातून वाट निघाली ती कारागिराच्या हातून. इतरांच्या घामाने फुटलेल्या दगडावर आपण शतकानुशतके पुण्य कोरीत आलो. हे सांगताना दोष देण्याचा हेतू नाही; पण एवढ्या मोलाने मिळालेला दगड पुन्हा फोडून टाकण्यापूर्वी आपला हात थोडा थबकावा, इतके तरी त्यातून निघते.

विहिरीनंतर जुन्या वाड्याची भिंत. जतच्या राजवाड्याच्या परिसरात, डफळापुरात किंवा कोणत्याही जुन्या पेठेत ही पाहता येईल. खालचे थर घडीव. दगडांच्या कडा एकमेकींत इतक्या नेमक्या बसलेल्या की चुना दिसतही नाही. वर जाता जाता दगड लहान आणि अनघड होतो, मग माती, मग लाकूड आणि माळवद. पैसा खालून वर कसा कमी होत गेला हे भिंत लपवीत नाही. दर्शनी बाजूला घडीव आणि गल्लीच्या बाजूला अनघड, अशीही घरे दिसतात. त्यावर अधिक भाष्य नको.

येथे एक कडू गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे याच काळ्या दगडाच्या भिंतींखाली गेली. जाड भिंती, आत-बाहेर दोन पदर, मध्ये माती आणि चिपा, आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही पदरांना बांधून धरणारे लांब दगड अनेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. पदर फुटले आणि छप्पर खाली आले. त्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात दगडी घर म्हणजे भीती, असे समीकरण झाले. ते समजण्यासारखे आहे. परंतु दोष दगडाचा नव्हता, तो बांधणीतल्या काटकसरीचा होता. फेरीत मुलांना भिंतीच्या कोपऱ्यापाशी उभे करून लांब दगड आलटून-पालटून कसे गुंफले आहेत ते दाखवावे. कोणती भिंत टिकेल आणि कोणती पोट सोडते आहे, हे मग त्यांना आपोआप दिसू लागते. जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला एवढी नजर असणे हा काही केवळ छंद नव्हे.

आणि मग देऊळ. येथे मला थोडे स्पष्ट लिहायचे आहे, कारण हे मासिक ज्यांच्या घरी जाते त्यांतील पुष्कळ वाचक कोठल्या ना कोठल्या मंदिराचे विश्वस्त आहेत.

गेल्या दोन-तीन दशकांत दक्षिण महाराष्ट्रात गावोगावी जीर्णोद्धार झाले. श्रद्धा खरी होती, दानही खरे होते. परंतु जीर्णोद्धाराचा अर्थ अनेक ठिकाणी एकच घेतला गेला. काळे झाकायचे आणि पांढरे चढवायचे. खांबांवर तैलरंग, भिंतींवर चकचकीत टाईल, जोत्यावर ग्रॅनाईट, सांध्यांत सिमेंट. संगमरवराशी माझे वैर नाही. अबूच्या देलवाड्यात, इ.स. १०३१ची विमलवसही पाहून कोणाचे असेल? कुंभोजला १९६३ साली उभी राहिलेली २८ फुटी बाहुबलींची मूर्ती संगमरवरी आहे आणि ती तेथे शोभते. मकराण्याला तर २०१९ साली जागतिक वारसा-पाषाणाचा मान मिळाला. प्रश्न एवढाच की, अबूला जो दगड शोभला तो तेथील डोंगरांना जवळचा होता म्हणून. जतला जवळचा दगड काळा आहे. आणि काळ्या दगडाला कमी लेखण्याचे कारण तरी काय? वेरूळची जैन लेणी, ३० ते ३४, याच दख्खनी पाषाणात आहेत. खिद्रापूरचे कोपेश्वर आणि त्याच गावातील आदिनाथांचे जिनालय, दोन्ही शिलाहारकालीन, याच पाषाणाचे. २०१६ साली मांगीतुंगीला जी १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती प्रतिष्ठित झाली ती याच डोंगरकातळातून काढलेली. जतपासून दोन तासांच्या आत विजापूर आहे. तेथील गोलघुमट १६५६ साली पुरा झाला, तोही याच करड्या-काळ्या दगडावर उभा आहे.

सौंदर्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसरा राहतो, आणि तो आपल्या धंद्याच्या भाषेत मांडता येईल. जुने देऊळ ही खतावणी आहे. शिलाहार आणि त्यांच्या शेजारच्या राजवटींत, या कृष्णा-भीमेच्या प्रदेशात, जिनालयांना दिलेली दाने दगडावर नोंदली जात. पूर्वी सांगली संस्थानात असलेल्या आणि आज बागलकोट जिल्ह्यात मोडणाऱ्या तेरदाळ येथे इ.स. ११२३चा लेख आहे. गोंक नावाच्या मांडलिकाने नेमिनाथांचे मंदिर बांधून त्यास दाने दिल्याचे तो सांगतो. तेथील लेखांत अय्यावोळेच्या पाचशे स्वामींच्या व्यापारी संघाचाही उल्लेख येतो. हा संघ म्हणजे त्या काळची दक्षिणेतील सर्वांत दूरवर पोहोचलेली व्यापारी संघटना. तिचे मूळ ऐहोळेत. कागलजवळील बामणीच्या जिनालयातही शिलाहार विजयादित्याच्या काळचा, इ.स. ११५०चा दानलेख आहे. आपल्यासारख्याच पेढीवाल्यांनी शेतांचे, घरांचे, मालावरील लागाचे जे दान दिले त्याची कीर्द या दगडांवर राहिली. कागदाचे चोपडे वाळवीने खाल्ले, दगडाचे राहिले.

ते राहिले कारण कोणी त्यावर रंग दिला नाही. वाळूचा झोत मारून ‘स्वच्छ’ केलेल्या शिळेवरचे उथळ अक्षर एका दुपारीत जाते. आम्लाने धुतले की काळ्या दगडाला फारसे होत नाही, पण सांध्यातला चुना विरघळतो. सिमेंट भरले की भिंतीतले पाणी बाहेर यायचे थांबते आणि ते आत मुरते. जुन्या कारागिरांनी चुना वापरला तो स्वस्त म्हणून नव्हे, भिंतीला श्वास घेता यावा म्हणून. टाईलच्या मागे काय आहे हे तर दहा वर्षांनी कोणालाच आठवत नाही. नवीन दात्याची संगमरवरी पाटी दारात लागते आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव तिच्यामागे गाडले जाते. हे जाणूनबुजून कोणी करीत नाही. कंत्राटदार दर चौरस फुटाने बोलतो, समिती पंचकल्याणकाची तारीख पाहते, आणि दगड काय आहे हे विचारणारा माणूस त्या बैठकीत नसतो.

१९६०चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके अधिनियम आहे, परंतु त्याचे छत्र संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंवरच. खेड्यातील बहुसंख्य देवळे त्या यादीत नाहीत. त्यांचे भवितव्य पाच-सात विश्वस्तांच्या ठरावावर असते. म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. ठराव करण्यापूर्वी समितीने एकदा, वाटाड्या घेऊन, आपल्याच देवळाभोवती फिरावे. जवळच्या महाविद्यालयातील भूगोलाचा किंवा इतिहासाचा अध्यापक आनंदाने येतो. जोते, पायऱ्या, उंबरठा, दारापुढील अर्धवट गाडलेली शिळा, ओवरीत उलटी बसविलेली वीरगळ किंवा निशिधी, कपडे धुण्याच्या दगडावरची पुसट अक्षरे, या सर्वांची छायाचित्रे घ्यावी. अक्षर दिसले तर जाणकाराकडून कागदी ठसा घ्यावा. एवढे झाल्यावर जे करायचे ते करावे. निदान खाते मिटवण्यापूर्वी शिल्लक काढलेली असेल.

जतची फेरी गावात संपत नाही, आणि तिचा दुसरा भाग तर आपण न कळत कितीदा केलेला असतो. जतहून विजापूर, बागलकोट, बदामीवरून श्रवणबेळगोळ. यात्रेच्या बसची ही नेहमीची वाट. बस विजापूर सोडून कृष्णा ओलांडते आणि पुढे केव्हातरी काळा दगड संपतो. कोणी सांगत नाही, पण खिडकीतून मातीचा रंग बदललेला दिसतो. बदामीला पोहोचता तेव्हा सर्व काही तांबडे झालेले असते. हा वालुकाश्म, दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना. वाहत्या पाण्याने आणून पसरलेल्या वाळूचे थर त्यात आजही पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. तेथील चौथे लेणे जैन आहे. तीर्थंकरांच्या मूर्तींच्या अंगावरूनही ते पट्टे गेलेले आहेत. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर इ.स. ६३४मध्ये रविकीर्तीने बांधविलेले जिनालय याच दगडाचे, आणि पुलकेशीची प्रशस्ती याच दगडावर. हा दगड मऊ सुरीसारख्या छिन्नीलाही वश होतो. चालुक्यांच्या कारागिरांना तो हाताशी मिळाला हे त्यांचे भाग्य. आपल्या शिलाहारांना काळ्या पाषाणाशी झगडावे लागले.

मग रात्रीचा प्रवास, आणि पहाटे ग्रॅनाईटचे गोल, उघडे डोंगर. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या त्याच अखंड खडकात कोरलेल्या आहेत. इ.स. ९८१च्या सुमारास चावुंडरायाने घडविलेली बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती याच डोंगराचा माथा तासून काढलेली. तिच्या पायाशी चावुंडरायाने ती करविली हे सांगणारा लेख आहे तो मराठीतील प्राचीन लेखांपैकी एक. हा पाषाण सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. जतहून निघालेला माणूस एका रात्रीत जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या वयाइतका मागे गेलेला असतो आणि त्याला फक्त कंबर धरल्याचे जाणवते.

याहून मौजेची गोष्ट अशी की तो दगड आपल्यापासून दूर नाहीच. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी सातारा जिल्ह्यात खोल छिद्रे घेण्यात आली. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळाच आहे. कोयना भागातील रासाटीच्या छिद्रात ९३३ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, आणि त्याखाली ग्रॅनाईटच्या कुळातला अतिप्राचीन खडक. किल्लारीजवळच्या छिद्रात तोच ३३८ मीटरवर लागला. म्हणजे लाव्हाची ही चादर पश्चिमेला जाड आणि पूर्वेला पातळ आहे, आणि तिच्याखाली दक्षिणेचा पुराणा पाया सलग पसरलेला आहे. बाहुबली ज्या पाषाणातून प्रकटले त्याचे गोत्रज आपल्या दुकानांच्या खालीही पडून आहेत. फक्त मध्ये काळ्या पाषाणाचे थर आहेत.

जाता जाता फेरीच्या व्यवस्थेविषयी. सात-आठ माणसे पुष्कळ. अधिक झाली की मागच्यांना ऐकू येत नाही. बरोबर पाण्याच्या बाटल्या, एक भिंग, लिंबू, आणि जमल्यास लहान लोहचुंबक. काळ्या दगडाच्या खडीजवळच्या धुळीत ते फिरविले की त्याला बारीक काळी पूड चिकटते, आणि मुलांना हा प्रयोग सर्वांत आवडतो. हातोडी मात्र नेऊ नये. देवळात चामड्याचा पट्टा चालणार नाही, हे आपल्यांना सांगायला नको. बारा-तेरा वर्षांची मुले उत्तम. त्याहून लहानांना विहिरीपासून लांब ठेवावे. आजोबांना अवश्य न्यावे, कारण कोणती विहीर कोणत्या सालच्या दुष्काळात खोल केली हे फक्त त्यांनाच ठाऊक असते आणि ते लिहून घेण्यासाठी एक वही जवळ असावी.

आणि महिना एप्रिल किंवा मे धरावा, पहाटे साडेपाचला निघून नवाच्या आत परतावे. पावसाळ्यानंतर हवा सुखाची असते खरी, पण तेव्हा विहिरीत पाणी असते आणि ते खालचे थर झाकते. जतमध्ये दगड नीट दिसतो तो पाणी आटल्यावर.